पिसं दाखवा, विहीणबाई

कोकिळेच्या खुराड्यात रोज संध्याकाळी हजेरी होई. तीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून काढलेली बाई. पोरं मोजायची सवय हाडात मुरलेली. निवृत्त झाल्यावर पोरं गेली, मोजणं तेवढं राहिलं. मग ती नारळ मोजे, दोरीवर वाळत घातलेले बोंबील मोजे, नवऱ्याने चहात घातलेले साखरेचे चमचे मोजे. दिवेलागणीला खुराड्याच्या दाराशी उकिडवी बसून ती एकेक कोंबडी मोजून आत सोडी. संख्या जमली की दाराला कडी, कडीला कुलूप आणि कुलपाला एक हिसका.

म्हणून वैशाखातल्या एका सकाळी अकरा पिल्लांची दहा झाली तेव्हा तिचा स्वतःवरच विश्वास बसेना. तिने पुन्हा मोजलं. मग नवऱ्याला मोजायला लावलं. रघूची मोजणी नऊवर आली, तेव्हा त्याला बाजूला सारून तिने तिसऱ्यांदा मोजलं. दहाच.

"गेलं असंल कुठं तरी," रघू म्हणाला. हा गृहस्थ खताच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून प्रत्येक गोष्टीवर एवढंच म्हणत आला आहे.

"कुलूप लावून कुठं जाईल? एस्टीनं अलिबागला?"

आता एका पिल्लासाठी एवढा आकांत कशाला, असं कोणी म्हणेल. आकांताचं कारण असं की ती पिल्लं एकट्या कोकिळेची नव्हती. नागावच्या मागच्या अंगाला, जिथे नारळाच्या वाड्या संपतात आणि भातखाचरं सुरू होतात, तिथल्या या वाडीत वाट्याने कोंबडी पोसायची रीत अजून टिकून आहे. कोंबडी एकीची, तिचं दाणापाणी, तिला अंड्यांवर बसवणं, पिल्लांची राखण हे सगळं दुसरीचं. पिल्लं आईपासून सुटली की निम्मी-निम्मी, आणि विषम आली तर वरचं एक पोसणारीला. सगळं तोंडी, पण कोर्टापेक्षा कडक. त्यातला सर्वांत कडक नियम पिसांचा. पिल्लू जनावराने नेलं तर नुकसान दोघींचं, मात्र पोसणारीने मूठभर पिसं दाखवायला हवीत. पिसं नसतील तर पिल्लू पोसणारीच्या पातेल्यात गेलं, असं सरळ धरून चालायचं.

आणि कोंबडी कोणाची? सोनूबाईंची. सोनूबाई म्हणजे कोकिळेच्या लेकीची, क्रांतीची, सासू. राहायला श्रीवर्धनला. अंगाने शिडशिडीत, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला, आणि कोणाचंही कौतुक करायचं झालं तर आधी त्याच्यातली एक खोट सांगून मग करणार. लेकीच्या लग्नाला वर्ष झालं तेव्हा त्यांनी आपण होऊन ही ठिपक्यांची कोंबडी वाट्याने दिली होती. "तुमच्या हातात वस्तू टिकत न्हाय म्हणतात, पण कोंबडी टिकंल." विहिणीकडून आलेली म्हणून घरात त्या कोंबडीचं नाव विहीणच पडलं. रघूनेच पाडलं. उभ्या आयुष्यात एवढं एकच काम त्याने न सांगता केलं.

कोकिळेने खुराडं उलटंपालटं केलं, कोपरे झाडले, बाहेर कुंपणापर्यंत वाकून चालत गेली. एक पीस सापडेना.

पिसांची ही धास्ती पिल्लापेक्षा जुनी होती. लग्न होऊन आठवडा झाला असताना सासूने मोजून ठेवलेल्या सुरमईच्या तुकड्यांतली एक कमी भरली होती. खाल्ली मांजराने. नाव आलं नव्या सुनेवर. सासू पंचवीस वर्षांनी वारली, तेव्हाही शेवटच्या आजारपणात पेज भरवणाऱ्या कोकिळेकडे बघून म्हणाली होती, "ती तुकडी मात्र तूच खाल्लीस." माणसाने एकदा एवढं ऐकलं की पुरे. पुन्हा विहिणीकडून तेच ऐकायचं, आणि तेही लेकीच्या सासरी, क्रांतीने रोज ज्यांच्या पानात वाढायचं त्यांच्यासमोर! छे.

तेव्हा कोकिळेने युद्ध पुकारलं.

पहिल्याच दिवशी शेजारच्या विनेशकडून जाळी आणली. विनेशचा होमस्टे आहे, त्याच्याकडे नेहमी काही ना काही उरलेलं असतं. ही लोखंडी जाळी इतकी बारीक, की तिच्यातून खेकड्याचं पिल्लूही शिरायचं नाही. कोकिळेने खुराडं चारी बाजूंनी, वरून, खालून असं या जाळीने मढवून काढलं. आत काय होतं? बसायला एक आडवा बांबू, पाण्याचं भांडं, आणि कोपऱ्यात टेम्पोचा जुना टायर. टायर ही कोकिळेची खास कल्पना. मधे पेंढा भरला की ऊबदार घरटं तयार, ओल लागत नाही, मुंग्या चढत नाहीत. विहीण त्यातच अंड्यांवर बसली होती आणि पिल्लं झाल्यावरही सगळं कुटुंब टायरवरच झोपे. वाडीतल्या बायका टायर बघायला येऊन गेल्या होत्या.

जाळी लागली. पाच दिवसांनी दहाची नऊ झाली.

"मुंगूस," विनेश म्हणाला.

"मुंगूस दिवसा येतो. आणि निम्मं खातो, निम्मं टाकतो."

"मग उदमांजर. काकी, ते ताडीपण पितं."

"पिऊ दे. पण पिसांसकट गिळंल का? चूळ भरून जातंय काय?"

मग बुजगावणं उभं राहिलं. त्याला रघूचा कंपनीतला खाकी गणवेश घातला, डोक्यावर हेल्मेट ठेवलं, हातात काठी दिली. जनावरांवर त्याचा काय परिणाम झाला माहीत नाही, पण पलीकडच्या गोदूबाई दोन दिवस त्याच्याशी गुडघेदुखीबद्दल बोलत होत्या आणि तिसऱ्या दिवशी कोकिळेकडे तक्रार घेऊन आल्या. "तुझा नवरा हल्ली उत्तर देत न्हाय गं. आम्ही काय केलंय त्याचं?"

"मला तरी कुठं देतोय?" कोकिळा म्हणाली.

त्यानंतर खुराड्यापाशी रात्रभर रेडिओ. माणसांचा आवाज असला की जनावर फिरकत नाही, असं कोणीतरी सांगितलं होतं. कोंबड्यांना शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम आणि रात्रीची भजनं ऐकून झोप लागेना. कोंबडा भरदुपारी तीनला आरवायला लागला, आणि विनेशकडे उतरलेलं पुण्याचं कुटुंब एक दिवस आधीच खोली सोडून गेलं.

नवाची आठ झाली. पीस नाही.

कोकिळेची मान हळूहळू रघूकडे वळली. हे सांगायला बरं वाटत नाही, पण झालं ते झालं. एका सकाळी रघू डोळे उघडतो तो बायकोचं नाक त्याच्या तोंडापासून चार बोटांवर.

"काय करतेस?"

"हा करा."

"आं?"

"हा करा म्हणते ना! मोठ्यानं."

रघूने हा केला. कोकिळेने वास घेतला. तंबाखू होती, कालची कांदाभजी होती, कोंबडी नव्हती. "बरं," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली. रघू बराच वेळ तसाच पडून राहिला. चाळीस वर्षांत बायको इतक्या जवळ येऊन एवढं थोडं बोलली नव्हती.

शेवटी विनेशने होमस्टेचा एक कॅमेरा काढून खुराड्याच्या दारासमोर लावला. तीन रात्री चित्रण झालं. चौथ्या सकाळी आठाची सात झाली होती. सगळे विनेशच्या ऑफिसात जमले. होमस्टेचे दोन पाहुणेही चहाचे कप घेऊन मागे उभे राहिले. चित्रणात खुराडं दिसत होतं, कुलूप दिसत होतं, आणि रघू दिसत होता. रात्री अकराला माडाच्या बुंध्याशी, दीडला माडाच्या बुंध्याशी, साडेतीनला माडाच्या बुंध्याशी.

"तरीच तो माड इतका धरतो," गोदूबाई म्हणाल्या.

"काका, शुगर तपासून घ्या," एक पाहुणा आपुलकीने म्हणाला.

रघू उठून गेला. पण चोर? चोर नव्हता. तीन रात्रींत खुराड्यात कोणी गेलं नव्हतं आणि कोणी बाहेर आलं नव्हतं.

त्याच दुपारी सोनूबाईंचा फोन आला. "पिल्लं कशी हायत?"

"हायत ना."

"अकराच्या अकरा?"

"विहीणबाई, आवाज तुटतोय हं," म्हणून कोकिळेने फोन ठेवला.

सोनूबाई काही दूधखुळ्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळची फेरीबोट धरून त्या दिघीहून आगरदांड्याला उतरल्या, तिथून मुरूड, मुरूडहून काशीदवरून एस्टी, आणि दुपारी दोनला रिकामी टोपली काखोटीला मारून दारात उभ्या.

पाणीसुद्धा न घेता त्या मागीलदारी गेल्या, गळ्यातला चष्मा डोळ्यावर चढवला आणि मोजलं.

"सात."

"सात," कोकिळा म्हणाली.

"बाकीची चार?"

"गेली."

"कुठं?"

"ते ठाऊक असतं तर आणखी काय पायजे होतं?"

"पिसं?"

कोकिळेने मोकळ्या कडीला उगाच एक हिसका दिला.

"पाय? चोच? कायतरी?"

"न्हाय."

सोनूबाई वळल्या. घरात आल्या, हातपाय धुतले, आणि जाता जाता शेगडीवरच्या पातेल्याचं झाकण सहज उचलून पाहिलं. आत वांग्यात सुकी कोलंबी होती.

"झाकण का उचललंत?" कोकिळेचा आवाज चिरका झाला.

"वास बरा येत होता."

"बोला की सरळ! कोकिळेनं खाल्ली म्हणा!"

"मी काय बोलले का?"

"बोलायचं काय ठेवलंत?"

नेमक्या या क्षणी मागच्या दारातून रघूची हाक आली. "अगं ए! विहिणीला कोंडलीस का? का अजून उकिरड्यावरच बसलीय?"

भांडता भांडता कोकिळेने हातात दिलेला चहाचा कप सोनूबाईंच्या ओठाशी थांबला. कोकिळेने डोळे मिटून घेतले. रघू आत आला, पाहुणी बघितली, "आलात का? बसा," म्हणाला आणि आला तसा मागे मागे चालत निघून गेला.

"कोंबडी घेऊन जाते मी उद्या," सोनूबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि चार पिल्लं तुमच्या वाट्यातनं कापायची. अकराची सहा व्हायची तुमची, वरच्या एकासकट. तुम्हाला दोन येतात."

"दोन का, एकही नको! पण मी खाल्ली न्हाईत!"

"मग रात्री राखायला जमलं न्हाय म्हणा. राखायचं कसं ते आज मी दाखवते."

राखायची त्यांची पद्धत अशी: खुराडं बाहेर ठेवायचंच नाही. त्यांनी फर्मान काढलं, कोंबडी आणि पिल्लं स्वयंपाकघरात, माझ्या नजरेसमोर. पिल्लं नव्या जागी बावरतात म्हणून त्यांचं घरटंही सोबत. रघूने आणि विनेशने टायर उचलून आत आणला.

"जड झालाय हा," रघू धापा टाकत म्हणाला.

"तुम्ही हलके झालात," कोकिळा म्हणाली.

टायर कोपऱ्यात ठेवला. विहीण आणि सात पिल्लं त्यावर बसवली. वरून मोठं बांबूचं डालगं पालथं घातलं. डालग्यावर पाटा ठेवला. पाट्यावर वरवंटा ठेवला. शेजारी चटई टाकून सोनूबाई आडव्या झाल्या आणि त्यांनी डावा पाय डालग्यावर टाकून दिला, म्हणजे कोणी नुसता हात लावला तरी जाग यावी.

"सात," झोपण्यापूर्वी त्या मोठ्याने म्हणाल्या.

"सात," दुसऱ्या भिंतीशी पडलेल्या कोकिळेने साक्ष दिली. तिनेही रात्रभर डोळा लागू दिला नाही. पिल्लांवर ठेवण्याऐवजी तो तिने सोनूबाईंवर ठेवला होता, एवढंच.

उजाडलं. पाटा जागेवर, वरवंटा जागेवर, पाय जागेवर. सोनूबाईंनी डालगं उचललं, चष्मा लावला, मोजलं. चष्मा पुसला. पुन्हा मोजलं.

सहाच. मग कोकिळा उठून बसली. केस बांधले. पदर नीट केला.

"पिसं दाखवा, विहीणबाई."

सोनूबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी चटई उचलली. उशी झटकली. नेसूचं लुगडं झटकलं. डालग्यात डोकं घालून पाहिलं. "आता होतं... माझा पाय... मी तर हललेसुद्धा न्हाय..."

"रात्री भूक लागली असंल," कोकिळा अगदी गोड आवाजात म्हणाली. "प्रवासानं लागते. हा करा बघू."

"कोकिळाबाई!"

"मी काय बोलले का?"

"या पेंढ्यात दडलं असंल," म्हणत सोनूबाईंनी दोन्ही हातांनी टायर तिरका केला.

टायरच्या आतल्या पोकळीतून एक डोकं बाहेर आलं. चपटं, तपकिरी, अत्यंत झोपाळू. त्याने दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि जीभ काढली.

त्यानंतर काय झालं याचा क्रम महत्त्वाचा आहे. सोनूबाईंनी टायर सोडला आणि गॅसच्या ओट्यावर उडी मारली. वय अडुसष्ट, आणि ओटा कमरेएवढा. त्यांच्या मागोमाग कोकिळा चढली. सोनूबाईंचा एक पाय शेगडीवर होता आणि दुसरा कोकिळेच्या पायावर. दोघींनी एकमेकींच्या गळ्यात हात टाकले होते आणि दोघी एका सुरात ओरडत होत्या. विहीण, म्हणजे कोंबडी, तेवढी शांत होती. रघू चहासाठी आत आला, त्याने ओट्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, आणि "विनेशला बोलावतो" म्हणून गेला. न सांगता केलेलं हे त्याचं दुसरं काम.

विनेशने आश्लेषाला फोन लावला. ही मुलगी हायस्कुलात विज्ञान शिकवते आणि पंचक्रोशीत कुठेही साप निघाला की स्कुटीवरून पोत्यासह हजर होते. तिने वाकून पाहिलं आणि हसायला लागली.

"अजगर आहे. लहान आहे अजून. विष नसतं याला, उतरा खाली."

"आम्ही इथं बऱ्या हाओत," दोघी म्हणाल्या.

तिने अजगर हलकेच सोडवून बाहेर काढला. साडेचार फूट असेल. पोटाच्या मध्यावर एक छानसा फुगवटा.

"किती दिवस झाले पिल्लं जायला लागून? तीन आठवडे? मग पहिल्या रात्रीपासून हा आतच आहे. एक गिळायचं आणि चार-पाच दिवस टायरमध्ये झोपायचं. काल तुमच्या धक्क्यांनी लवकर जागा झाला असेल. जाळी कधी लावली?"

"पहिलं पिल्लू गेलं त्याच दिवशी," कोकिळा ओट्यावरून म्हणाली.

"जाळी फार उत्तम लावलीय हं काकी. दिवसा हा झोपलेला, आणि रात्री बाहेर जायला एवढीशी फट नाही. बिचाऱ्याला दुसरा इलाजच ठेवला नाहीत तुम्ही."

कोकिळेने तीन आठवडे रोज संध्याकाळी चोराला मोजून-मापून, पिल्लांसकट, कुलपात घातलं होतं. वर त्याच्या करमणुकीला रेडिओ. हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला, आणि आलं तेव्हा ती ओट्यावर बसली.

पण सोनूबाई हिशेबाला पक्क्या. ओट्यावर उभ्या राहूनच त्या म्हणाल्या, "फुगवटा एक दिसतोय. एक त्यानं खाल्लं, कबूल. बाकीची चार?"

"तीपण त्यानंच की!"

"पिसं?"

"अहो आजी, तो आख्खं गिळतो," आश्लेषा म्हणाली.

"गिळू दे. नियम तो नियम."

कोकिळेच्या डोळ्यांत पाणी आलं. चोर समोर धरलेला असताना तुकडीचा डाग पुन्हा तिच्याच कपाळी? आश्लेषाने तिच्याकडे पाहिलं, मग टायरमध्ये हात घालून चाचपलं, आणि आतून वाळलेले, राखाडी-पांढरे तीन-चार गोळे काढून वर्तमानपत्रावर ठेवले.

"हे काय?" सोनूबाईंनी विचारलं.

"अजगराची शी. हाडंबिडं पचतात त्याला, पिसं पचत नाहीत. बघा."

तेव्हा सोनूबाई खाली उतरल्या. कागद ओसरीवर उजेडात नेला, मांडी घातली, चष्मा पुसून लावला आणि खराट्याची काडी घेऊन अजगराची शी उकलायला बसल्या. कोकिळा समोर बसली. गोदूबाई कुंपणावरून वाकल्या, होमस्टेचे पाहुणे कप घेऊन आले. कोणीही श्वास मोठ्याने घेत नव्हतं, त्याला इतरही कारण होतं. काडीच्या टोकाला एक मळकं पीस आलं, मग दुसरं, मग नखाएवढा तुकडा, त्यावर पांढरा ठिपका.

सोनूबाईंनी तो उन्हात धरला. फिरवून पाहिला.

"आमच्याच कोंबडीचा ठिपका," त्या म्हणाल्या. काडी खाली ठेवली. "दिसली पिसं."

"नीट बघा. मागनं परत म्हणाल."

"बघितली म्हणते ना. तुम्ही न्हाय खाल्लीत, कोकिळाबाई."

एवढं वाक्य. कोकिळेने पदराने नाक पुसलं आणि वासाचं निमित्त सांगितलं.

आश्लेषाने अजगर पोत्यात घालून वनखात्याला कळवलं आणि ती गेली. मग वाटणी. पिल्लं सहा. कोकिळा म्हणाली तीन-तीन. सोनूबाई म्हणाल्या, "मी आले तेव्हा सात. तुमची चार, माझी तीन. एक माझ्या पायाखालनं गेलं, ते माझ्यातलं. मला दोन."

"तीन घ्या."

"दोन."

"मला कोणाचं जास्तीचं नको! उद्या म्हणाल, कोकिळेनं..."

"काय म्हणंन? घ्या म्हणते तर घ्यावं माणसानं!"

हे भांडण आदल्या दिवशीच्यापेक्षा मोठं झालं आणि एस्टी येईपर्यंत चाललं. दोन पिल्लं टोपलीत गेली. कोंबडी मात्र सोनूबाईंनी उचलली नाही. "राहू दे. पुन्हा खुडूक झाली की बसवा. टायरात न्हाय." आणि एस्टीच्या पायरीवरून मागे वळून, "आणि नाव बदला तिचं."

चार दिवसांनी क्रांतीचा फोन.

"आई, सासूबाईंनी अजगर हातानं धरला?"

"कोण म्हणतं?"

"सगळी आळी म्हणतेय. बारा फुटी होता ना? आणि तू म्हणे ओट्यावर चढून किंचाळत होतीस, त्या खालून धीर देत होत्या."

कोकिळेने तोंड उघडलं. मग विचारलं, "आणि पिल्लांचं काय सांगतात?"

"पिल्लांचं काय? अजगरानं खाल्ली. पिसं मी माझ्या डोळ्यांनी बघितली, असं प्रत्येकाला छातीवर हात ठेवून सांगतात. का गं?"

कोकिळेने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काय न्हाय. बरोबर सांगतात. किंचाळत होते मी."

फोन ठेवला, चपला घातल्या आणि ती तरातरा कुंपणाकडे निघाली.

"गोदूबाई! अवो गोदूबाई! ओट्यावर आधी कोण चढलं, ते सांगितलं का मी तुम्हाला?"